अडनिड्या देहाचे देणे

मराठीत 'अडनिडा' हा एक मोठा बोलका शब्द आहे. धड इकडचा नाही आणि धड तिकडचाही नाही, अशा वेळेला, जागेला, वयाला आपण तो लावतो. अडनिडी वेळ म्हणजे जेवणाचीही नव्हे आणि चहाचीही नव्हे अशी वेळ. अडनिडे वय म्हणजे अर्धी विजार शोभत नाही आणि पूर्ण विजार अजून पेलत नाही असे वय. माणसाच्या या वयाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शिक्षक लिहितात, मानसशास्त्रज्ञ लिहितात, आम्ही धर्मगुरूही प्रवचनांतून बोलतो. या लेखात मात्र माणसाला थोडे बाजूला ठेवून कुत्र्याच्या एका पिलाच्या अडनिड्या वयाचा विचार करावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु काही जुने तात्त्विक प्रश्न माणसासंबंधी विचारले की ममता तत्काळ आड येते आणि उत्तर आधीच ठरल्यासारखे होते. पिलाच्या बाबतीत ते ठरलेले नसते. म्हणून तेथे विचाराला वाव अधिक.

हे पिलू सरसकट कोणतेही नव्हे. वासावरून माग न काढता नजरेने सावज हेरणाऱ्या आणि केवळ वेगाच्या बळावर ते गाठणाऱ्या कुत्र्यांचे एक प्राचीन कुळ आहे. युरोपातील ग्रेहाउंड, अरबांचा सलुकी, रशियातील बोर्झोई, स्कॉटलंडचा डिअरहाउंड हे सारे त्या कुळातले. आपल्या दख्खनच्या पठारावरही त्याची एक शाखा नांदत आहे. महाराष्ट्रात तिला कारवान म्हणतात, कानाशेपटीला लांब रेशमी केस असले तर पश्मी म्हणतात. कर्नाटकात, आजच्या बागलकोट जिल्ह्यातील जुन्या संस्थानावरून तिला मुधोळ हे नाव मिळाले. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कुत्र्यांच्या पैदाशीत जातीने लक्ष घातले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळला स्थान मिळाले. तिकिटावर अर्थातच पूर्ण वाढलेला, रेखीव बांध्याचा कुत्रा आहे. आठ महिन्यांच्या पिलाचे चित्र कोणी तिकिटावर छापणार नाही.

कारण आठ महिन्यांचे हे पिलू पाहवत नाही. दोन महिन्यांचे असताना ते इतर पिलांसारखेच गोल, मऊ आणि उचलून घ्यावेसे वाटणारे असते. चौथ्या महिन्याच्या सुमारास पाय लांबू लागतात आणि लांबतच राहतात. सहाव्या ते दहाव्या महिन्यात तर देहाचे अवयव निरनिराळ्या कुत्र्यांकडून उसने आणल्यासारखे दिसतात. पंजे मोठे, नडग्या बारीक, सांधे गाठीसारखे फुगलेले. छाती अरुंद, पाठ कमानीसारखी, कमरेची हाडे कातडीखाली उभी. कधी मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा उंच होते, महिन्याभराने पुढची बरोबरी करते, पुन्हा मागची सरशी. बसताना चारही पायांचे काय करावे हे त्याला उमगत नाही. धावताना वळण घेतले की पुढचे पाय एका दिशेला जातात आणि मागचे थोड्या वेळाने त्यांच्या मागून येतात. शेजारीपाजारी धन्याला विचारतात, "खायला घालत नाही का हो याला?" गेल्या नाताळात घोट्यापर्यंत आलेला झगा ईस्टरला नडगीवर आलेला वेदीसेवक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दृश्य अगदीच परके वाटू नये.

या बेढबपणामागे चोख शरीरशास्त्र आहे. लांब हाड मधून वाढत नाही, टोकांशी वाढते. तेथे कूर्चेची एक पातळ चकती असते. तिच्यातून नवे हाड घडत जाते आणि काम संपले की चकती स्वतःच हाड बनून मिटते. प्रत्येक हाडाची चकती आपापल्या वेळी मिटते, सगळ्या एकदम नव्हे. पायांची हाडे घाई करतात, छाती मागे राहते, स्नायू त्याहून मागे. बहुतेक उंची पहिल्या वर्षात येते. छाती कोपरापर्यंत उतरायला आणि मांड्या भरायला पुढचे वर्ष लागते. आयरिश वुल्फहाउंडसारख्या अवाढव्य जातीत जन्मतः अर्ध्यापाऊण किलोचे पिलू वर्षभरात पन्नास किलोंच्या आसपास पोहोचते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या देहाने मधल्या काळात सुबक दिसावे ही अपेक्षाच अवास्तव म्हटली पाहिजे.

येथे पहिला प्रश्न उभा राहतो तो सौंदर्याचा. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला संत थॉमस अक्विनास यांची सौंदर्याची तीन लक्षणे पाठ करावी लागत: अव्यंगता, प्रमाणबद्धता आणि तेज. ही लक्षणे त्यांनी आपल्या महान ग्रंथाच्या पहिल्या भागात, त्रैक्याच्या विवेचनात, जाता जाता सांगितली आहेत. आमचे पिलू त्यांतल्या निदान दुसऱ्या कसोटीला सपशेल उतरत नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. पण मूळ लॅटिन शब्दप्रयोग 'देबिता प्रोपोर्त्सिओ' असा आहे, आणि त्यातील 'देबिता' या विशेषणाकडे आमचे तरुणपणी दुर्लक्ष होत असे. ज्याचे देणे असते, जे त्या वस्तूला देय असते, ते 'देबिता'. म्हणजे केवळ प्रमाण पुरेसे नाही, त्या त्या वस्तूला देय असलेले प्रमाण हवे. मग आठ महिन्यांच्या पिलाला कोणते प्रमाण देय आहे? तीन वर्षांच्या कुत्र्याचे, की आठ महिन्यांच्या पिलाचे? या वयात त्याचे पाय देहाच्या मानाने लांब नसते, तर एखाद्या जाणत्या पालकाला चिंता वाटली असती. तेव्हा ज्याला आपण बेढब म्हणतो तेच त्या वयाचे उचित प्रमाण आहे. आपला डोळा मात्र मोठ्या कुत्र्याचे माप हाती घेऊन बसलेला असतो.

आता कोणी म्हणेल की हा शब्दच्छल झाला. पिलू सुंदर म्हटले काय आणि कुरूप म्हटले काय, त्याला काय फरक पडतो? फरक पडतो. प्राण्याच्या बाबतीत आपले सौंदर्याचे निर्णय फार लवकर त्याच्या जगण्यामरण्याचे निर्णय होतात. गोंडस पिलू म्हणून घरात आणलेला जीव सहाव्या महिन्यात हाडांचा सापळा दिसू लागला की अंगणात जातो, अंगणातून फाटकाबाहेर आणि तेथून रस्त्यावर. प्राण्यांना भुकेतहानेच्या तोंडी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तरी या वयाची किती पिले अशी वाटेला लागतात हे शहरांच्या कडेने फिरणाऱ्यास सांगायला नको.

यावर जे उत्तर सहज सुचते ते अॅरिस्टॉटलच्या शिकवणीतून आलेले आहे. कोयीत आंबा सुप्त असतो, त्याप्रमाणे या ओबडधोबड देहात उद्याचा वेगवान कुत्रा सुप्त आहे. म्हणून आज तो कसा दिसतो हे पाहू नका, उद्या काय होणार आहे ते पाहा. हे उत्तर खोटे नाही. पण मला ते अपुरे वाटते, इतकेच नव्हे तर एकटे घेतले तर धोक्याचे वाटते. ज्याचे मोल केवळ उद्यावर ठरते, त्याचा उद्या फसला की मोलही संपते.

याचा दाखला दूर ऑस्ट्रेलियात मिळतो. न्यू साउथ वेल्स राज्यात ग्रेहाउंडच्या शर्यतींची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१६ साली आपला अहवाल दिला. मागील १२ वर्षांत राज्यात ९७,००० हून अधिक ग्रेहाउंड जन्माला घालण्यात आले आणि त्यांपैकी ४८,००० ते ६८,००० मारण्यात आले, असा त्याचा अंदाज होता. पुरेसे वेगवान नाहीत किंवा शर्यतीच्या कामाचे नाहीत, एवढाच त्यांचा अपराध. सरकारने शर्यतींवर बंदीचा कायदा केला आणि त्याच वर्षी, तो अंमलात येण्यापूर्वीच, माघार घेतली. त्या मारणाऱ्यांतील बहुतेकांना पिलांविषयी द्वेष नव्हता. उलट त्या पिलांतील सुप्त शक्तीकडे त्यांच्याइतके बारकाईने दुसऱ्या कोणी पाहिले नसेल. ते फक्त तेवढेच पाहत होते.

आपल्याकडे प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. कारवान आणि मुधोळ घडले ते सशामागे, हरणामागे धावण्यासाठी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी ही शिकार बेकायदा ठरली, आणि ते योग्यच झाले. पण मग ज्या हेतूसाठी हा देह शेकडो वर्षांच्या निवडीतून घडला, तो हेतूच उरला नाही. कोय रुजते, झाड वाढते, पण आंबा खाणारा कोणी नाही. सुप्त शक्तीच्या हिशेबाने मग हे पिलू कशासाठी वाढते आहे?

या ठिकाणी कांटची आठवण होते. प्राण्यांविषयी माणसाचे थेट कर्तव्य त्याला मान्य नव्हते. प्राण्यांशी क्रूरतेने वागणारा माणसांशीही क्रूर होतो, म्हणून क्रूरता टाळावी, असे तो मानी. संत थॉमस यांचे मतही याहून फार दूर नाही. तरीसुद्धा १७९७ साली प्रसिद्ध झालेल्या नीतिविषयक ग्रंथात कांटने म्हाताऱ्या घोड्याच्या किंवा कुत्र्याच्या दीर्घ सेवेबद्दल कृतज्ञता बाळगणे हे माणसाच्या कर्तव्यात बसवले आहे. जणू ते घरातीलच कोणी असावेत, अशी ती कृतज्ञता. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाजूने त्याचा भूतकाळ उभा राहतो. तरण्या कुत्र्याच्या बाजूने त्याचा उपयोग बोलतो. अगदी लहान पिलाला त्याचा गोंडसपणा तारून नेतो. अडनिड्या पिलाजवळ यांतले काहीच नसते. त्याने अद्याप सेवा केलेली नाही, उपयोग सिद्ध केलेला नाही, आणि रूप तर गमावलेलेच आहे. म्हणून माझ्या मते आपल्या नीतीची खरी परीक्षा या वयात होते. ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही त्याला आपण कशाच्या आधारावर देतो?

उत्तराची वाट मला पुन्हा अॅरिस्टॉटलच दाखवतो, पण त्याच्या दुसऱ्या एका विचारातून. 'मेटाफिजिक्स' या ग्रंथात त्याने दोन प्रकारच्या व्यापारांतील भेद सांगितला आहे. घर बांधणे हा एक प्रकार. घर पुरे होईपर्यंत ते बांधणे अपुरेच असते, आणि घर पुरे झाले की बांधणे संपते. पाहणे हा दुसरा. पाहणारा पाहत असतो त्या क्षणीच त्याचे पाहणे पूर्ण असते. पूर्ण होण्यासाठी त्याला पुढच्या कशाची वाट पाहावी लागत नाही. जगणे त्याने या दुसऱ्या प्रकारात घातले. वाढणे मात्र घर बांधण्यासारखे आहे. आता आपले पिलू घ्या. ते वाढतही आहे आणि जगतही आहे, एकाच वेळी, एकाच देहाने. त्याची वाढ अपुरी आहे याबद्दल वाद नाही. परंतु त्याचे जगणे अपुरे नाही. उन्हात पसरून ते झोपते ती झोप अर्धी नसते. पाय एकमेकांत अडकून पडले तरी उठून पुन्हा धावते, त्या धावण्यातील हर्ष पुढील वर्षी मिळणाऱ्या हर्षाची आगाऊ रक्कम नसते. त्याला लागते ती भूकही आजची असते, आणि दुखते तेही आजच दुखते.

हा विचार मान्य केला तर शिकारबंदीमुळे उभा राहिलेला पेचही काहीसा सुटतो. वेगात असलेला ग्रेहाउंड किंवा कारवान एका ढांगेत दोनदा चारही पायांनी जमीन सोडतो, एकदा देह आवळलेला असताना आणि एकदा पूर्ण ताणलेला असताना. सावज नसले तरी तो धावतो, मोकळे रान मिळाले की स्वतःभोवती चकरा मारीत धावतो. ससा हा त्या धावण्याचा मालकाच्या दृष्टीने हेतू होता. कुत्र्याच्या दृष्टीने होता की नाही, कोणी सांगावे?

एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. पठारावरच्या मेंढपाळाने किंवा कोरडवाहू शेतकऱ्याने एका वेतातील सात-आठ पिले पोसावीत कशी? त्याला निवड करावीच लागते. लांब पायांचे, खोल छातीचे पुढे ठेवावे लागते. नाहीतर ही जातच कधी घडली नसती. शहरातील सुखवस्तू माणसाने त्याला प्राणिदयेचे धडे देणे शोभत नाही. पण कोणत्या कुत्र्याची पुढे वीण घ्यावी हा एक निर्णय आहे आणि कोणत्या कुत्र्याने जगावे हा दुसरा. पहिला घेण्यासाठी दुसरा घ्यावाच लागतो असे नाही. शिवाय पहिला निर्णयसुद्धा आठव्या महिन्यात घेणे मूर्खपणाचे आहे, हे कोणताही मुरलेला पाळणारा सांगेल. त्या वयात कमान झालेली पाठ पुढे सरळ होईल की तशीच राहील, याचा भरवसा देता येत नाही.

मग देणे कोणते? माझ्या समजुतीप्रमाणे ते प्रामुख्याने काळाचे देणे आहे, आणि ते देणे माणसाला सर्वांत जड जाते. पिलू हडकुळे दिसले की आपण त्याच्या पुढ्यात वाडगे भरून ठेवतो, तूप घालतो, औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची पावडर आणतो. दया म्हणून आणतो, आणि थोडे शेजाऱ्यांच्या बोलण्याला भिऊनही. परंतु मोठ्या चणीच्या जातींची लहान पिले आतड्यातून शोषले जाणारे जास्तीचे कॅल्शियम नीट रोखू शकत नाहीत, आणि त्याने हाडे मजबूत होण्याऐवजी वाकडी होऊ शकतात. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर चौदा वर्षे चाललेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. एकाच वेतातील भावंडांच्या जोड्या लावून जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी अन्न दिले गेले. २००२ साली त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. कमी खाणारी भावंडे साधारणपणे जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली, आणि सांध्यांचे विकार त्यांना उशिरा जडले. लॅब्राडोर हा काही नजरेने शिकार करणारा कुत्रा नव्हे, तरी वाढीची घाई देहाला मानवत नाही ही गोष्ट सर्वच कुत्र्यांना लागू असावी.

घाईचा दुसरा प्रकार धावण्याचा. पिलाचे पाय लांब झाले की त्याला दुचाकीमागे डांबरी रस्त्यावर पळवण्याची हौस काहींना येते. पुढच्या पायात कोपराखाली दोन हाडे जोडीने उतरतात. त्यांतील एकाची जवळजवळ सगळी वाढ मनगटाजवळच्या एकाच चकतीतून होते, आणि ती चकती शंकूच्या आकाराची असल्यामुळे आघाताने सहज चेपते. चेपली की वेळेआधी मिटते. एक हाड थांबते, जोडीचे दुसरे वाढत राहते आणि थांबलेल्याने ओढून धरल्यामुळे धनुष्यासारखे वाकते. तो पाय पुढे जन्मभर तसाच. वाढत्या पिलाला धावू देऊ नये असा याचा अर्थ नाही. मऊ मातीवर, मनास येईल तसे धावून, दमले की आपणहून बसणारे पिलू सहसा स्वतःचे नुकसान करून घेत नाही. इजा होते ती दुसऱ्याच्या वेगाशी त्याला दोरीने बांधल्यावर.

हे ज्ञान आजचेच आहे असे मात्र समजू नये. दुसऱ्या शतकात अरियन नावाचा एक ग्रीक गृहस्थ रोमन साम्राज्याच्या सेवेत होता. सम्राट हेड्रियनच्या काळात तो कप्पादोकियाचा राज्यपाल झाला, आणि सिकंदराच्या मोहिमांचा इतिहासकार म्हणून आज त्याचे नाव टिकून आहे. तरुणपणी तो एपिक्टेटसचा शिष्य होता, आणि एकेकाळी गुलाम असलेल्या या तत्त्वज्ञाची शिकवण आपल्यापर्यंत पोहोचली ती अरियनने टिपून ठेवली म्हणून. अंजीर हवे असेल तर आधी झाड फुलू द्यावे, धरू द्यावे, पिकू द्यावे, हा एपिक्टेटसचा दृष्टान्त त्याच टिपणांत आहे. याच अरियनने शिकारी कुत्र्यांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याच्या पाचशे वर्षे आधी झेनोफनने त्याच विषयावर लिहिले होते आणि मादीला आठव्या महिन्यात, नराला दहाव्या महिन्यात शिकारीला काढावे असे सांगितले होते. अरियन म्हणतो की झेनोफनला केल्टिक लोकांचे वेगवान, नजरेने धावणारे कुत्रे ठाऊकच नव्हते. या कुत्र्यांतील मादी अकरा महिन्यांची झाल्यावर, फार तर दहाव्यात, न्यावी. नराला मात्र पुरी दोन वर्षे होईपर्यंत सोडू नये, कारण त्याचे अवयव फार उशिरा घट्ट होतात. कूर्चेची चकती त्याने पाहिली नव्हती, पण पिले लक्षपूर्वक पाहिली होती. गुरूजवळ ऐकलेले अंजीर त्याला कुत्र्यांच्या आवारात पुन्हा भेटले असावे, असे मला वाटते.

त्याच ग्रंथात त्याने आपल्या स्वतःच्या एका कुत्रीचे वर्णन केले आहे. तिचे नाव होर्मे. तिचे डोळे घारे होते, ती चपळ, कष्टाळू आणि पायाने मजबूत होती. अरियन घरी असला की ती घरात त्याच्यापाशी असे, तो व्यायामशाळेत निघाला की बरोबर जाई आणि त्याचा व्यायाम संपेपर्यंत जवळ बसून राही. जगात अशी एक कुत्री होऊन गेली हे पुढच्या लोकांना कळावे म्हणून तिचे नाव लिहून ठेवायला आपल्याला संकोच वाटत नाही, असे तो सांगतो. आणि तिच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. पिलू असताना तिला चाबकाने शिक्षा झाली होती. त्यानंतर ती पूर्ण वाढली, शिकारीत नावाजली गेली. तरीही कोणी चाबकाचा नुसता उच्चार केला की ती त्या माणसापाशी जाई, अंग चोरून बसे, गयावया करी, मग त्याच्या तोंडाला तोंड लावी, उडी मारून त्याच्या गळ्यात पडे, आणि त्याचा राग शमला अशी खात्री होईपर्यंत त्याला सोडत नसे.